चित्रपटाची वयोमर्यादा: देशोदेशींचे नियम आणि पालकांचा अधिकार

२०१६ च्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या अंतराने दोन चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत आले. ८ एप्रिलला डिस्नेचा ‘द जंगल बुक’ आणि २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. दूरदर्शनवरील मोगलीसोबत आपली एक पिढी वाढली. त्याच मोगलीच्या नव्या चित्रपटाला प्रमाणन मंडळाने ‘यूए’ प्रमाणपत्र दिले. त्रिमितीतील दृश्ये लहानांना घाबरवतील, असे कारण तत्कालीन अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी सांगितले. त्यांची बरीच थट्टा झाली. मात्र अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांनीही त्या चित्रपटास ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाचीच श्रेणी दिली होती, ही गोष्ट थट्टेच्या भरात मागे पडली.

‘सैराट’ तर आपल्या सोलापूर जिल्ह्याचाच. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका अकलूजची, चित्रीकरणही बहुतांशी करमाळा परिसरातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो ‘जनरेशन १४प्लस’ या विभागात, म्हणजे चौदा वर्षे व त्यापुढील प्रेक्षकांसाठी दाखविण्यात आला. आपल्याकडे चौदा किंवा तत्सम आकडा सांगण्याची सोयच तेव्हा कायद्यात नव्हती. कुटुंबेच्या कुटुंबे, कडेवरच्या मुलांसह, तो पाहावयास गेली. त्या चित्रपटाची शेवटची काही मिनिटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

भारतात चित्रपट परीक्षणाचा पहिला कायदा १९१८ चा. त्यामागे मुलांची काळजी फारशी नव्हती. राज्यकर्त्यांना स्वतःचीच अधिक होती. व्ही. शांताराम यांच्या १९३० मधील ‘स्वराज्याचे तोरण’ला ‘उदयकाल’ हे नाव घ्यावे लागले, ते याच दृष्टीमुळे. सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोन वर्ग १९४९ च्या दुरुस्तीने आले. पुढे १९५२ चा कायदा झाला. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी व वयानुसार वर्गवारी घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन सुचविणारा ‘यूए’ आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ हे वर्ग १९८३ पासून लागू झाले.

यानंतर चाळीस वर्षे फारसे काही हलले नाही. २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीने ‘यूए’चे वयानुसार भाग पाडण्याची शिफारस केली, ते प्रत्यक्षात आले २०२३ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी. आता ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ व ‘यूए १६+’ असे तीन टप्पे आहेत. सोलापूरसारख्या शहरात, जिथे मराठी, हिंदीसोबत तेलुगू आणि कन्नड चित्रपटही आवडीने पाहिले जातात, तेथे मुंबई, हैदराबाद व बंगळुरू अशा निरनिराळ्या प्रादेशिक कार्यालयांतून तपासून आलेले चित्रपट एकाच आठवड्यात लागू शकतात. म्हणून फलकावरील नटाच्या नावाइतकेच या छोट्या अक्षरांकडे लक्ष द्यावे.

परंतु हे आकडे बांधतात कोणाला? दुरुस्तीतच स्पष्ट केले आहे की, ‘यूए’तील वयाचा निर्देश पालकांच्या माहितीसाठी आहे आणि त्याची अंमलबजावणी पालकांखेरीज अन्य कोणी करावयाची नाही. अर्थात, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन एखादे वडील ‘यूए १६+’ चित्रपटाला आले, तर दारावरचा माणूस त्यांना अडवू शकत नाही. उलट ‘ए’ चित्रपटास अठरा वर्षांखालील कोणालाही, पालकांसोबतसुद्धा, प्रवेश नाही. नियम मोडणाऱ्यावर कायद्याने कारवाई होऊ शकते.

अमेरिकेत याच्या नेमके उलट चित्र दिसते. तेथील श्रेणी सरकार देत नाही. १९६८ पासून चित्रपट उद्योगाचीच संस्था देते, आणि ती पाळण्याची कायद्याने सक्ती नाही. ‘आर’ चित्रपटास सतरा वर्षांखालील मुलगा आईवडिलांसोबत जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९१२ साली स्थापन झालेले मंडळ श्रेणी ठरविते, तरी अखेरचा अधिकार स्थानिक नगर परिषदेचा असतो. तेथे ‘१२ए’ चित्रपटास बारा वर्षांखालील मूल मोठ्या माणसासोबत बसू शकते. ‘१५’ व ‘१८’ या श्रेणींत मात्र पालक सोबत असूनही उपयोग नाही. जर्मनीत ०, ६, १२, १६ व १८ असे टप्पे आहेत, आणि पालकांची सवलत फक्त बाराच्या टप्प्यापुरती. स्वीडनची सर्वांत वरची मर्यादा पंधरा. सिंगापूरमध्ये ती एकवीस आहे.

प्रत्येक समाज कशाला भितो, हेही यातून कळते. ‘द किंग्ज स्पीच’ या २०१० च्या चित्रपटात तोतरेपणावरील उपचाराचा भाग म्हणून राजा शिव्या उच्चारतो. अमेरिकेने तेवढ्यासाठी ‘आर’ दिले. ब्रिटनने आधी ‘१५’ ठरविले आणि अपिलानंतर ‘१२ए’वर आणले. म्हणजे तेरा वर्षांची मुलगी लंडनमध्ये तो एकटीने पाहू शकली, न्यूयॉर्कमध्ये तिला पालक सोबत लागले.

या विषयात कॅथलिक समाजाचाही हात आहे. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता लिहिण्यात येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. पोप पायस अकरावे यांनी २९ जून १९३६ च्या ‘व्हिजिलांती कुरा’ या परिपत्रात प्रत्येक देशातील महागुरुस्वामींना चित्रपटांची वर्गवारी प्रसिद्ध करण्यास सांगितले. त्या याद्यांचा कडकपणा काही ठिकाणी अतिरेकाला गेला, हे मान्य करावयास हवे; पण प्रेक्षकाने आधी माहिती घ्यावी, हा त्यांचा आग्रह आजही जुना झालेला नाही.

घरातील पडद्याची गोष्ट निराळी, कारण तेथे द्वारपालच नसतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दूरचित्रवाहिन्यांना केवळ ‘यू’ आणि ‘यूए’ चित्रपट दाखविण्यास बजावले. २०२३ च्या दुरुस्तीनुसार ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर आणावयाचा तर त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपट-मालिकांना २०२१ च्या नियमांनी ‘यू’पासून ‘ए’पर्यंत हेच पाच वर्ग लावले आहेत; मात्र तेथे श्रेणी ठरविते ती कंपनी स्वतः, प्रमाणन मंडळ नव्हे. ‘यूए १३+’ व त्यापुढील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे या कंपन्यांना बंधनकारक आहे. ही सोय बहुधा त्या सेवेच्या ‘सेटिंग्ज’मध्ये असते. मुलांच्या नावाचे स्वतंत्र प्रोफाइल उघडून त्यास वयाची मर्यादा घालावी, मोठ्यांच्या प्रोफाइलला चार अंकी पिन द्यावा, आणि तो मुलांच्या जन्मतारखेचा नसावा.