हेमाद्री-बोपदेवांचे भागवतलेखन

(तेरावे शतक). देवगिरीच्या यादव दरबाराच्या आश्रयाने झालेले संस्कृत टीकालेखन. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव यादव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) यांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख. बोपदेव हा केशव वैद्याचा मुलगा, ‘मुग्धबोध’ व्याकरणाचा कर्ता आणि हेमाद्रीचा आश्रित. भागवताचा सारांश असलेला ‘हरिलीला’ आणि निवडक श्लोकांची विषयवार मांडणी करणारा ‘मुक्ताफल’ हे ग्रंथ त्याने हेमाद्रीसाठी रचले. ‘मुक्ताफला’वरील ‘कैवल्यदीपिका’ टीका हेमाद्रीच्या नावावर आहे; ती बोपदेवानेच लिहिली असावी, असेही काही अभ्यासक मानतात.

या लेखनाचे खरे मोल रसविचारात आहे. देवाविषयीच्या रतीला काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘भाव’ म्हटले, रसाचा दर्जा दिला नाही. ‘मुक्ताफल’ आणि त्याची टीका मात्र भक्तीला रस मानतात आणि शृंगार, हास्य, करुण इत्यादी नऊ रसांतून भक्तांचे अनुभव उलगडतात. काव्यशास्त्राची रूढ चौकट मोडणारे हे धाडसी मत राज्याच्या सर्वांत वजनदार अधिकाऱ्याच्या नावाने विद्वानांपुढे आले, हे विसरता येत नाही. ग्रंथरचना हा त्या दरबारात सत्तेचाच एक व्यवहार होता: ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्रग्रंथाच्या व्रतखंडात हेमाद्रीने यादव वंशाची प्रशस्तीही घातली. या सत्तेच्या काळ्या बाजूची आठवण महानुभाव पंथाने जपली आहे. त्याच्या परंपरेत पंथसंस्थापक चक्रधरांच्या छळाचा दोष हेमाद्रीकडे जातो.

दरबार ग्रंथांच्या अर्थाला वळण देतो, याचे कडक रूप चीनमध्ये दिसते. सोंग काळातील मंत्री वांग आन्-शी याच्या अभिजात ग्रंथांवरील टीका १०७५ मध्ये राजाज्ञेने परीक्षेसाठी प्रमाण ठरल्या. देवगिरीत अशी परीक्षा नव्हती. म्हणूनच रामचंद्राच्याच राज्यात, १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानदेवांची मराठी गीताटीका दरबाराच्या आश्रयाविना उभी राहू शकली.

भागवत बोपदेवानेच रचले हा प्रवाद निराधार आहे. बंगालच्या बल्लाळसेनाच्या ‘दानसागरा’त (११६९), म्हणजे बोपदेवाच्या आधीच, भागवताचा उल्लेख आहे. ‘हरिलीले’वर पुढे मधुसूदन सरस्वतींनी टीका लिहिली. सोळाव्या शतकात वृंदावनच्या जीव गोस्वामींनी ‘तत्त्वसंदर्भा’त भागवताच्या मान्य ग्रंथांमध्ये ‘मुक्ताफल’ व ‘हरिलीला’ यांची गणना केली.