मौखिक इंग्रजीची परीक्षा आणि तिची पूर्वतयारी

परकीय भाषा बोलता येते की नाही हे पाहावयाचे असेल तर परीक्षार्थीस बोलते केले पाहिजे, ही गोष्ट आज इतकी उघड वाटते की तिलाही एक इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. परीक्षेने ‘बोलणे’ या शब्दाचा जो अर्थ घेतला, त्याच अर्थाची तालीम परीक्षार्थींनी केली. आणि ही तालीम फार पक्की झाली की परीक्षेलाच आपले स्वरूप बदलावे लागले. गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा वृत्तान्त या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये इंग्रजीतील प्रावीण्याची परीक्षा प्रथम घेतली. परदेशांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी ती योजिली होती. एकंदर बारा तासांच्या या परीक्षेस तिघे बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. भाषांतर, निबंध, व्याकरण आणि वाङ्मय यांनीच तिचा बहुतेक वेळ व्यापला होता. श्रुतलेखनास अर्धा तास, प्रकट वाचन व संभाषण यांस मिळून अर्धा तास, एवढाच तोंडी भाग. परंतु याखेरीज दीड तासाची एक ध्वनिशास्त्राची लेखी पत्रिका होती, आणि ती या सर्वांत उद्बोधक आहे. दिलेला उतारा ध्वनिलिपीत उतरवावा, अमुक ध्वनी उच्चारताना मुखावयवांची स्थिती कशी असते ते सांगावे, अमुक स्वर शिष्यास कसे शिकवाल ते लिहावे, अशा स्वरूपाचे तिचे प्रश्न होते. म्हणजे उच्चाराची तालीम जिभेने करावी ती करावीच. पण जीभ कोठे होती, हे कागदावरही सांगता आले पाहिजे!

यामागे हेन्‍री स्वीट यांची परंपरा होती. भाषाशिक्षणाचा पाया ध्वनिशास्त्र हाच होय, असे त्यांनी १८९९ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले होते. योगायोग असा की याच १९१३ साली शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ व्हिएन्‍ना येथे रंगभूमीवर आले. त्यातील ध्वनिशास्त्रज्ञाच्या चित्रणात स्वीट यांची छटा असल्याचे स्वतः शॉ यांनीच नमूद केले आहे. १९७५ पासून ‘ती फुलराणी’ या रूपाने मराठी प्रेक्षकास सुपरिचित झालेल्या या कथेतील नायिकेचे उच्चार निर्दोष होतात, पण चारचौघांत काय बोलावे आणि काय बोलू नये हे तिला अद्याप उमगलेले नसते. पहिल्याच बैठकीत तिची जी फजिती होते, तिच्यात या परीक्षापद्धतीची मर्यादाच जणू दिसते.

ध्वनिशास्त्राची ती पत्रिका १९३२ मध्ये वगळण्यात आली. तोंडी भाग मात्र टिकला, आणि त्याबरोबर त्याची मूळची अडचणही टिकली. एकाच परीक्षार्थीस दोन परीक्षक सारखेच गुण देतील, याची हमी कोण देणार? केंब्रिजचे जॅक रोच यांनी या प्रश्नाचा प्रयोगपूर्वक विचार करून १९४५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. आपल्याकडील तोंडी परीक्षांचे गुण कसे दिले जातात हे ज्यांनी आतून पाहिले आहे, त्यांना रोच यांची चिंता परकी वाटणार नाही.

अमेरिकेत याच अडचणीने निराळे वळण घेतले. तेथे १९३० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी झालेल्या परीक्षेत संभाषणाचे विषय अगोदर ठरविलेले असत, आणि परीक्षार्थी बुजरा आहे काय याचीही नोंद परीक्षकाने करावयाची असे. भाषेचे अज्ञान आणि स्वभावाचा संकोच एक नव्हेत, ही जाण त्या नोंदीत होती. पुढील अनेक परीक्षांत ती आढळत नाही, हे खेदाने म्हणावेसे वाटते. पुढे १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली तेव्हा गुणांकनाच्या काटेकोरपणासाठी बोलणे मूळ परीक्षेतून गळाले. स्वतंत्र मौखिक परीक्षा कालांतराने निघाली खरी. पण मुख्य परीक्षेत ते परतले २००५ मध्ये, आणि तेही समोर माणूस नसताना, ध्वनिग्राहकासमोर. एवढ्या अवधीत परीक्षार्थींनी पर्याय निवडण्याचा सराव केला. जे विचारलेच जात नाही, त्याची तालीम कोण करील?

आयेल्ट्स या १९८९ पासूनच्या परीक्षेत परीक्षकाशी समक्ष बोलावे लागते. २००१ च्या सुधारणेत परीक्षकाने काय व कसे विचारावे याचाही आराखडा बांधून देण्यात आला. चिठ्ठीवरील विषयावर एक मिनिट विचार करून फार तर दोन मिनिटे बोलावयाचे असते. विषय साधारणपणे ओळखीचे असल्याने उत्तरे पाठ करण्याची प्रवृत्ती बळावली, आणि पाठ केलेले बोलणे ओळखणे हे परीक्षकाच्या कौशल्याचे अंग झाले. आपल्या घोकंपट्टीला आपण उगाच नावे ठेवतो असे नाही. पण ती केवळ आपली नव्हे, एवढे यावरून कळते.

उच्चाराकडे पाहण्याची दृष्टीही येथे बदललेली आढळते. इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनी मराठी लेखनाने ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असे वेगळे राखले आहेत. तथापि ‘व्ह’ उच्चारताना आपण बहुधा महाप्राण घालतो, इंग्रज खालचा ओठ वरच्या दातांशी घासतो. भेद राखला जातो, साधन मात्र निराळे. १९१३ च्या पत्रिकेस या साधनाचे वर्णन हवे होते. आजच्या परीक्षकास मुख्यतः शब्द कळला की नाही एवढे हवे असते. सरावास बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ‘व्ह’ सुधारण्यात किती वेळ घालवावा, याचा हिशेब त्यामुळे पुष्कळच बदलतो.