केडगावची वाट

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. बाईंनी धर्म का बदलला, हा पहिला. आणि शारदा सदनातल्या मुलींना त्यांनी बाटवले की नाही, हा दुसरा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८९३ साली पुण्यात वादळ उठले, आणि या दोन सालांमध्ये आपण त्यांचे चरित्र जणू कोंडून ठेवले आहे. आज आम्हांस तिसऱ्याच प्रसंगाकडे वळावयाचे आहे. तो १८९६ च्या अखेरीचा. देवावर हवाला ठेवून चालती वाट सोडणे म्हणजे काय, हे आमच्या मते त्यात जितके उघड दिसते तितके बाप्तिस्म्याच्या प्रसंगातही दिसत नाही.

परंतु त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. पुढे संसार मोडून हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळात पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर राहावे, उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम होता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि पुराण ऐकणाराच उपाशी राहू लागला. दुसरे कोणतेही काम घरात कोणाला येत नव्हते; अंगमेहनत करणे कमीपणाचे वाटे. तेव्हा देव काही चमत्कार करील या आशेने जपतप, उपासतापास, दानधर्म चालूच राहिले. शिल्लक संपली, भांडीकुंडी गेली, आणि शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. १८७८ साली ही दोघे पायपीट करीत कलकत्त्यास पोचली, आणि तेथे या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरवण्यात आले. तो गौरव झाला तेव्हा तिची श्रद्धा मात्र आतून पार मोडून पडली होती.

आम्हांस वाटते, बाईंच्या पुढील साऱ्या आयुष्याची किल्ली येथे आहे. देवावर विसंबून घर कसे बुडते हे ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिले, तिने पुढे पुन्हा देवावरच विसंबायचे ठरवले. हे साधे नव्हे.

शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत निघाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास आले. त्याचा खर्च बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा. त्या मंडळींनी दहा वर्षांपुरता भार उचलला होता. शाळा उच्चवर्णीय बालविधवांची असावी आणि तीत धर्मशिक्षण नसावे, हा करार. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर. बाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. बाईंचे म्हणणे, मी कोणास बोलावत नाही व कोणास हाकलतही नाही. 'केसरी'ने हल्ला चढवला. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले, आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. १८७५ साली पुण्याला वसंत व्याख्यानमाला देणाऱ्या न्यायमूर्तींना दोष द्यायला आमची जीभ वळत नाही. लोकांना दिलेला शब्द त्यांना जपायचा होता. पण उघड्या दाराला गुन्हा म्हणणेही आम्हांस जड जाते.

तर १८९६. मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या पुण्यास येऊ लागल्या. बाईंनी पहिल्याने काय केले? काहीच नाही. आपल्याजवळ पैसा नाही, सदन ठराविक मुलींसाठी आहे, बॉस्टनचा करार आहे, अशी मनाची समजूत त्यांनी घातली; हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि त्यासाठी आम्ही त्यांना अधिक मानतो. स्वतःच्या उपासमारीची आठवण मात्र काही केल्या झोपू देईना. अखेर त्या निघाल्या. भुकेल्या मुलींना आणि त्या मुली फसवून नेणाऱ्या माणसांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर जातगोत आणि हिशेब या दोन्ही गोष्टी बाजूला पडल्या. सुमारे ३०० मुली व बायका त्यांनी आणल्या.

पण ठेवायच्या कोठे? १८९७ साली पुण्यात प्लेग, आणि एवढी गर्दी शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. दहा वर्षे संपल्यावर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून बाईंनी सोलापूरच्या लोहमार्गावर केडगावास फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. म्हणजे ती खरेदी चोख व्यवहाराची. त्याच माळावर आता झोपड्या उठल्या आणि 'मुक्ती' उभी राहिली. मनुष्य आपल्या हिशेबाने विहीर खणतो; पाणी प्यायला कोण येणार हे त्याच्या वहीत नसते.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र बाईंनी वाचले होते. कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर त्याने हजारो अनाथांना सांभाळले होते. त्याचाच धडा त्यांनी केडगावी गिरवला. पण तीर्थाटनातला भरवसा आणि केडगावचा भरवसा यांत मोठाच फरक आम्हांस दिसतो. अनंतशास्त्री हात जोडून वाट पाहत राहिले. त्यांची लेक हात जोडून उठली आणि आगगाडीत बसली. केडगावी विहिरी खणल्या, शेती केली, माग आणि छापखाना चालवला. दक्षिणेतल्या रानात ज्या हातांना काम ठाऊक नव्हते, त्याच घरातल्या मुलीने शेकडो मुलींच्या हाताला काम दिले.

या वाटेची किंमतही सांगितली पाहिजे. पुण्यात निदान उघड्या दाराची मर्यादा होती. केडगावी ती उरली नाही. मुक्ती ही उघडउघड ख्रिस्ती वसाहत झाली, आणि मराठी समाजाने तिकडे पाठ फिरवली. आसरा आणि धर्म एकाच हाताने मिळू लागले की भुकेल्या पोरीने कशाची निवड केली हे कोणी सांगावे? हा प्रश्न बाईंना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र त्या मुली मध्यप्रांतातल्या रस्त्यावर होत्या तेव्हा आपण कोठे होतो, हे बाईंनी विचारले तर उत्तरही तयार असावे.

सदनातली एक विधवा, गोदूबाई, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली होती. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ सालीच. पुढे तो हिंगण्यास गेला. शहराच्या एका अंगाला तो आश्रम, आणि दुसरीकडे, आगगाडीच्या वाटेवर, केडगाव. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंना कसलीच समजूत घालावी लागली नाही. मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.