बुद्धिमापनाकडून साहाय्याकडे : विशेष गरजा असणारी बालके व मानसशास्त्र (भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या शिक्षणात मानसशास्त्राचा प्रवेश मापनाच्या मार्गाने झाला. १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनश्रेणी तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळ्या अध्यापनाची गरज आहे हे ओळखणे, हा तिचा हेतू होता. मराठी प्रदेशात हा हेतू कितपत टिकला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी चाचणी व संस्था :
धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी या श्रेणीचे रूपांतर केले. त्यावरील शोधनिबंध १९३४ मध्ये, तर ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला त्याच्याच भाषेत प्रश्न विचारावेत, हे तत्त्व त्यातून प्रत्यक्षात आले. बिने-कामत चाचणी पुढे दीर्घकाळ देशभर वापरली गेली. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा व पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांची 'कामायनी' सुरू झाली. मापनाला प्रशिक्षणाची जोड मिळाली, परंतु ती प्रामुख्याने महानगरांत.

भंडाऱ्याचा प्रश्न :
धारवाड मुंबई प्रांतात असताना भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. येथील अनेक मुलांची घरची भाषा झाडीबोली आहे. तीत 'ण'च्या जागी 'न' येतो आणि कित्येक शब्द प्रमाण मराठीहून भिन्न आहेत. शाब्दिक प्रश्नातील अपरिचित शब्दापाशी मूल अडले, तर भाषेतील अंतर बुद्धीची उणीव म्हणून नोंदले जाते. या एका आकड्यावर मुलाचा वर्ग, प्रमाणपत्र आणि पालकांची अपेक्षा ठरत असल्याने ही चूक किरकोळ मानता येत नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते; त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता नव्हत्या. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य करून या दोहोंचा समावेश केला. त्यामुळे अचूक निदानाची जबाबदारी अधिकच वाढली आहे.

निष्कर्ष :
बुद्धिगुणांक हा साहाय्याचा आरंभ आहे, निवाडा नव्हे. निरीक्षण, पालकांशी संवाद व वर्तनप्रशिक्षण यांविना तो अपुरा ठरतो. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मानसशास्त्र व मराठी विभागांनी एकत्र येऊन परीक्षकांसाठी झाडीबोलीतील शब्दसूची सिद्ध केल्यास कामत यांनी आरंभिलेले कार्य वैनगंगेच्या तीरापर्यंत पोहोचेल.