सातबाऱ्याच्या खालची जमीन

धाराशिव जिल्ह्यात सोन्याची खाण नाही. बालाघाटाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची काळी रानं ही सगळी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढलेल्या लाव्ह्याची देणगी आहे. सोनं सापडतं ते त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. ते जुने खडक इथे किती खोल आहेत, याचा एक नेमका आकडा भूकंपामुळे हाती आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भाग उद्ध्वस्त झाल्यावर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतलं. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ पर्यंत ती याच जिल्ह्यात होती. वरचे ३३८ मीटर बसाल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक आणि मग थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी पाया, असा तो छेद निघाला. दक्षिणेला रायचूरकडे लाव्ह्याची चादर संपते, जुने खडक उघडे पडतात आणि तिथे हट्टीची सोन्याची खाण लागते.

तरीही धाराशिवच्या जमिनीखालच्या सोन्यावर हक्क कोणाचा, हे कागदोपत्री अनेकदा ठरवलं गेलं. एकदा तर तो हक्क लंडनच्या बाजारात विकलाही गेला. या सगळ्या कागदांत एक गोष्ट मात्र कायम दिसते: जमीन कसण्याचा हक्क आणि तिच्या पोटातल्या वस्तूंवरचा हक्क हे या मुलखात सहसा वेगवेगळे धरले गेले. दुसरा हक्क कोणाकडे, एवढंच बदलत गेलं.

जुन्या धर्मशास्त्रात आणि अर्थशास्त्रात खाण राजाचीच होती. कौटिल्याने खाणींवर स्वतंत्र अधिकारी नेमायला सांगितलं आणि खाण, रत्न किंवा पुरलेलं धन शोधून कळवणाऱ्याला सहावा हिस्सा द्यावा असं ठरवलं. मनुस्मृतीने राजाला भूमीतल्या धातूंचा आणि जुन्या निधींचा अर्धा वाटा दिला. कारण काय, तर तो रक्षण करतो आणि भूमीचा स्वामी आहे. राजाने गाव दान दिलं तरी हा हक्क आपोआप दानात जात नसे, तो नाव घेऊन द्यावा लागे. म्हणूनच दख्खनच्या ताम्रपटांत निधी, निक्षेप, जल, पाषाण अशी भोगांची यादी दिसते. मराठेशाहीतल्या इनामाच्या सनदांनीही तीच ओळ पुढे चालवली. गाव इनाम देताना ते जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दिलं जाई. सनद वाचताना हे शब्द नुसता अलंकार वाटतात, पण त्यांत कायदा आहे. ज्या सनदेत पाषाण आणि निधी लिहिले, तिथे इनामदाराला दगडाच्या खाणीवर आणि पुरलेल्या धनावर बोलता येई. साध्या रयतेच्या पट्ट्यात असले शब्द नसत. तिला पीक होतं, बांध होता, सारा होता.

यातला निधी धाराशिवला अगदी खरा आहे. तेर हेच प्राचीन तगर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये दाखवलं. पेरिप्लसच्या ग्रीक लेखकाने पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर सांगितलं आहे. दिशा त्याने ढोबळ धरली, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. तिथलं कापड भडोचच्या बंदरात जाई. तेरच्या पांढरीच्या टेकड्यांतून सातवाहनकाळातली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती निघत आल्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचून वेचून जमवल्या आणि त्यांचा संग्रह आज तिथल्याच शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. अशा धनासाठी इंग्रजांनी १८७८ मध्ये वेगळा कायदा केला. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती कलेक्टरला कळवायची. धनी न मिळाल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, उरलेला चौथा हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ती घ्यायची. म्हणजे माणसाने पुरलेल्या सोन्यात शेतमालकाला वाटा आहे आणि निसर्गाने ठेवलेल्या सोन्यात नाही. हा भेद विचित्र वाटला तरी तो निधीच्या आणि खनिजांच्या, दोन्ही कायद्यांत पक्का आहे.

गुप्तधनाच्या आशेने रात्री होणारी खोदाई मात्र या वाटणीच्या वाटेला जात नाही. पुराणवस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, आणि मांत्रिक गाठून अघोरी विधी केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. खोदाईखेरीज सोनं मिळे ते धुऊन, आणि मराठी मुलखात सोनं धुऊन काढणारी खरी जमात झारेकऱ्यांची. ते सोनाराच्या दुकानातला केर आणि राख विकत घेत आणि त्यातून कण काढत. त्यांचं सोनं विकत घेतलेल्या मातीतलं होतं, त्यामुळे मालकीचा वाद तिथे उद्भवत नसे.

आधुनिक कागद सुरू होतात ते १८५३ पासून. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी हैदराबादच्या निजामाने, ज्याच्या राज्यात हा मुलूख होता, त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. सोन्याचा मुलूख आणि बिनसोन्याचा मुलूख अशी ही जोडी एकत्र गहाण पडली आणि १८६० मध्ये एकत्रच परत आली. मधल्या काळात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर होता. त्याने शेतांची मोजणी सुरू केली. त्या मोजणीत एकर होते, जमिनीची प्रत होती, आकार होता. खोलीचा रकाना नव्हता.

खोलीचा सौदा झाला १८८६ मध्ये. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना संस्थानातल्या खनिजांचा मक्ता ९९ वर्षांसाठी दिला. त्यात नळदुर्ग जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, हाही आलाच. मक्तेदारांनी लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी काढली. भांडवल दहा लाख पौंडांचं, शेअर दहा पौंडांचा. त्यातले ८५ हजार शेअर मक्त्याची किंमत म्हणून त्यांनी स्वतःकडेच ठेवले. खाण अजून खोदलीच नव्हती. पुढे त्याच कंपनीचे हजारो शेअर चढ्या भावाने निजामाच्या खजिन्यातून खरेदी झाले. ही खरेदी करणारा संस्थानचा अधिकारी अब्दुल हक ऊर्फ सरदार दिलेर-उल-मुल्क या व्यवहाराच्या नफ्यात आतून वाटेकरी होता. बभ्रा होऊन १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने चौकशी समिती नेमली आणि अब्दुल हकला पदावरून दूर करण्यात आलं. तुळजापूरच्या कुणब्याला या गोंधळाची गंधवार्ताही नसणार. त्याच्या शेताखालचा हक्क मात्र तोवर हात बदलून आला होता.

कंपनीने खरं काम केलं ते सिंगरेणीच्या कोळशाचं आणि रायचूरकडच्या सोन्याचं. हट्टीत तिला जुन्या काळच्या कामांचे खोल खड्डे सापडले, आणि तिथल्या लाकडांचं वय पुढे सुमारे दोन हजार वर्षं ठरलं. हट्टीची खाण १९२० मध्ये बंद पडली, मग १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने आजची हट्टी गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली आणि राज्यपुनर्रचनेनंतर ती कर्नाटककडे गेली. धाराशिवच्या वाट्याला या मक्त्यातून काहीच आलं नाही.

शेजारी बार्शी तालुका इंग्रजी अमलात होता. तिथे मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने, इनाम न दिलेल्या सगळ्या जमिनींतल्या खाणी आणि खनिजं सरकारने राखून ठेवली होती. इनाम जमिनीची गोष्ट सनदेवर अवलंबून राही. हद्दीच्या अलीकडे निजामाचा १३१७ फसलीचा महसूल कायदा चाले, आणि संस्थानचा सुमारे दोन पंचमांश मुलूख जहागिरी, पायगा आणि निजामाच्या खासगीतला असल्याने हक्कांची गुंतागुंत अधिकच होती. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर वर्षभरात जहागिरी गेल्या. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सगळ्यांना एकच नियम लागला तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने. तिच्या कलम ४८ प्रमाणे खनिज कुठेही असो, जमिनीवर वा खाली, शेतात, बांधात, नाल्यात किंवा नदीच्या पात्रात, त्यावरचा हक्क राज्य सरकारचा. आधीपासून चालत आलेल्या वैयक्तिक हक्कांना मात्र तिथे अपवाद ठेवला आहे. सनदेतल्या पाषाणाला आणि निधीला कायद्यात आज उरलेली जागा एवढीच.

सोन्यासारख्या मोठ्या खनिजांसाठी १९५७ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानेच मुरूम, दगड, वाळू यांना गौण खनिजं ठरवून त्यांचे नियम राज्यांवर सोपवले. धाराशिवमध्ये चोरून होणारं खणन हे या गौण खनिजांचंच आहे. रस्त्याचं काम निघालं की मुरूम लागतो, घर बांधायला वाळू लागते. सीना, तेरणा, मांजरा या नद्यांच्या पात्रांत आणि माळांच्या उतारांवर जेसीबी आणि हायवा फिरतात.

अशा खड्ड्याचा पंचनामा हा मालकीचा प्रश्न अगदी जवळून दाखवतो. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मंडळ अधिकाऱ्यासह टेप घेऊन उतरतो. खड्डा ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि सरासरी १० फूट खोल भरला तर २४ हजार घनफूट, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबाने २४० ब्रास. ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन धरलं तर नुसती रॉयल्टी १ लाख ४४ हजार. त्यावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. वादाला जागा इथेच. खणलेला मुरूम फुगतो, त्यामुळे खड्ड्याचं माप आणि गाड्यांचं माप जुळत नाही. कडा ढासळतात, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, आणि जुनं खणन कोणतं, नवं कोणतं यावर दोन्ही बाजू अडून बसतात. शेतमालक म्हणतो, रान माझं, सपाट करायला मीच मुरूम काढला. सरकार म्हणतं, रान तुझं, मुरूम आमचा. रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. खनिजाची मालकी ज्या उताऱ्यावर कधीच नव्हती, त्याचं देणं मात्र तिथे नोंदलं जातं.

न्यायालयांनी या नियमाच्या कडा थोड्या घासल्या. २०१३ मध्ये केरळच्या मलबारमधल्या जमीनधारकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, कायद्याने काढून घेतली नसेल तर जमिनीखालची मालकी जमीनमालकाचीच. वर्तमानपत्रांतून त्याचा डंका झाला, पण महाराष्ट्रात कलम ४८ ने हक्क स्पष्ट शब्दांत राखून ठेवलेला असल्याने तो निकाल इथे जसाच्या तसा चालत नाही. मराठवाड्याला जास्त उपयोगी निकाल डिसेंबर २०१४ चा, पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा. पायासाठी काढलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली, तर ती गौण खनिज म्हणून वसुलीस पात्र ठरतेच असं नाही. वापर काय झाला हे तपासायला हवं, असं न्यायालयाने सांगितलं. शासनानेही २०१७ च्या गाळयुक्त शिवार योजनेत तलावातला गाळ शेतात नेणाऱ्या शेतकऱ्याला रॉयल्टी माफ केली. वाळूचं धोरण मात्र डळमळीतच राहिलं: २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने विक्री, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव.

महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत आढळल्या आहेत. तिथे किंवा उद्या धाराशिवच्या बसाल्टखाली साठा निघाला तर २०१५ च्या दुरुस्तीनुसार तो लिलावाने दिला जाईल आणि त्याचं स्वामित्वधन राज्याला मिळेल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ठरवलं की स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिजहक्कांवर वेगळा कर बसवण्याची मुभाही राज्यांना आहे. ज्याच्या नावावर शेत आहे त्याला पृष्ठभागाच्या नुकसानीची भरपाई मिळते, खनिजाच्या किमतीत वाटा मिळत नाही.