छावणी, महाविद्यालय आणि नेमबाजी : पुणे–शिरूर परिसराच्या संदर्भात लष्करी क्रीडासाहाय्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पुणे–नगर रस्त्यावरील शिक्रापूर हे गाव आज चाकणकडे जाणारा फाटा आणि सणसवाडीची औद्योगिक वसाहत यांमुळे ओळखले जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हा रस्ता प्रथम छावण्यांना जोडणारा रस्ता होता. पश्चिमेस पुणे व खडकी, पूर्वेस शिरूर म्हणजेच घोडनदी आणि त्यापुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी लष्करी ठाण्यांची ही रांग होती. १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. पुढे शिरूर हे घोडदळाचे ठाणे राहिले. कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याची तेथील समाधी या छावणीची साक्ष देते. शिरूरची छावणी गेली, तरी रस्त्याच्या दोन्ही टोकांची लष्करी केंद्रे टिकून राहिली. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. अशा प्रदेशातील तरुणांच्या शरीरसंवर्धनावर सैन्याचा ठसा असणे स्वाभाविक आहे. परंतु या ठशाचे स्वरूप सर्व काळी एकसारखे नव्हते. सैन्याने नागरी समाजाला केव्हा खेळ दिला आणि केव्हा केवळ कवायत दिली, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

बंदुकीचा प्रश्न

कुस्ती, मल्लखांब, लाठी हे प्रकार समाजाने स्वतःच्या बळावर जोपासले. आखाड्याला परवाना लागत नसे. नेमबाजीचे तसे नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातून बंदूक काढून घेतली आणि त्यानंतर या खेळाचे तिन्ही घटक, म्हणजे बंदूक, काडतूस आणि नेमबाजीचे मैदान, राज्यसत्तेच्या, संस्थानिकांच्या किंवा सैन्याच्या ताब्यात गेले. त्यामुळे भारतातील नेमबाजीचा इतिहास हा मूलतः प्रवेशाचा इतिहास आहे. बंदुकीपर्यंत कोणाला पोहोचू दिले, हे समजल्याशिवाय पदकांच्या यादीचा अर्थ लागत नाही.

सुशिक्षित मध्यमवर्गाला ही वाट अंशतः खुली झाली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९२० मध्ये प्रादेशिक सेनेच्या कायद्यान्वये विद्यापीठांतून प्रशिक्षण पथके उभी राहिली आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खांद्यावर कायदेशीररीत्या रायफल आली. महाराष्ट्रात याच सुमारास लष्करी शिक्षणाची मागणी जोर धरू लागली होती. पुण्यात १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. नाशिकला डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केले. या संस्थांच्या विचारसरणीविषयी मतभेद आहेत व ते राहतील. येथे नोंदवायचे ते एवढेच की शारीरिक शिक्षण आणि शस्त्रशिक्षण यांची सांगड त्या काळी राष्ट्रीय गरज म्हणून मांडली जात होती.

स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींनुसार १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. पुढील वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली. तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे होते. आजही देशातील नवोदित नेमबाजांची पात्रता स्पर्धा त्यांच्या नावाने भरते, हे क्रीडाक्षेत्राबाहेर फारसे कोणास ठाऊक नसते. छात्रसेनेकडे पॉइंट टू-टू रायफली होत्या आणि संघटनेकडे स्पर्धा होत्या. या दोहोंच्या मिलाफातून राजघराण्याबाहेरच्या मुलामुलींना हा खेळ मिळू लागला. अंजली वेदपाठक (भागवत) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्रसेनेच्या माध्यमातून त्यांच्या हाती रायफल आली. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. महाविद्यालयात छात्रसेनेचे पथक नसते, तर ही वाट बहुधा बंदच राहिली असती.

सक्तीचा काळ

शारीरिक क्षमतेच्या सरकारी कार्यक्रमांत सैनिकी पद्धतीचा शिरकाव दुसऱ्या एका मार्गानेही झाला. आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीतून आलेल्या निर्वासितांच्या शाळांत तिचा आरंभ झाला. एका मराठी सेनानीने सैन्यातील शिस्तीचा उपयोग उद्ध्वस्त झालेल्या मुलांना सावरण्यासाठी करावा, ही घटना महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत अधिक जागा मिळण्यास पात्र आहे. पुढे कुंझरू यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने शाळांतील वेगवेगळ्या योजनांचे एकीकरण सुचविले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय क्षमता दलाचा एकात्म कार्यक्रम आला.

महाविद्यालयांत मात्र याच वेळी उलट घडत होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, छात्रसेना सक्तीची करण्यात आली. राष्ट्रीय संकटाच्या क्षणी हा निर्णय समजण्यासारखा होता. पण त्याने छात्रसेनेचे क्रीडामूल्य कमी केले. संख्या एकाएकी वाढली. त्या प्रमाणात रायफली, काडतुसे, शिक्षक व मैदाने वाढणे शक्य नव्हते. उरली ती कवायत आणि हजेरी. १९६८ मध्ये सक्ती मागे घेण्यात आली आणि १९६९ पासून छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय क्रीडा संघटना असे पर्याय विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले. सक्तीने खेळाडू घडत नाहीत, याचा इतका स्पष्ट पुरावा आपल्या शैक्षणिक इतिहासात क्वचितच सापडेल.

निवडीचा काळ

२००१ मध्ये भूदलाने ‘मिशन ऑलिंपिक्स’ हाती घेतले व पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तिरंदाजी, ॲथलेटिक्स, मुष्टियुद्ध, कुस्ती, भारोत्तोलन, डायव्हिंग हे क्रीडाप्रकार येथे आले. नौकानयनाचे केंद्र पुण्याच्याच सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. नेमबाजी मात्र महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिटकडे राहिली. राज्यवर्धनसिंह राठोड (२००४) व विजयकुमार (२०१२) या दोन सैनिकांनी ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची रौप्यपदके मिळविली. पुण्याच्या संस्थेतील मैदानास २०२१ मध्ये नीरज चोप्रा यांचे नाव देण्यात आले.

या व्यवस्थेने महाराष्ट्रातील दुष्काळी गावांना काय दिले, हे दोन खेळाडूंवरून दिसते. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हे मारण्यास शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचिनमध्ये राहिले, आणि त्यानंतर धावण्याच्या स्पर्धांकडे वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले. दोघांनाही खेळ भरतीनंतर मिळाला, शाळेत किंवा महाविद्यालयात नव्हे. त्यापूर्वी त्यांच्याजवळ होती ती केवळ काटक शरीरे. बालवयातच निवड करणाऱ्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या ही उणीव काही अंशी भरून काढतात. परंतु त्यांचा लाभ मोजक्यांना होतो आणि नावाप्रमाणे दीर्घकाळ तो मुलांनाच होत राहिला.

याउलट पॅरिस येथे २०२४ मध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले व रेल्वेत नोकरीस लागले. म्हणजे नेमबाजीवरील सैन्याची मक्तेदारी आता उरलेली नाही. तथापि प्रबोधिनीच्या किंवा खासगी केंद्राच्या शुल्काच्या आवाक्याबाहेर असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला छात्रसेनेशिवाय रायफल दिसत नाही, हेही तितकेच खरे.

रस्त्याच्या कडेचे धावपटू

शिरूर, दौंड या तालुक्यांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे तरुण हे परिचित दृश्य आहे. त्यांचे ध्येय ठरलेले असते. सैन्यभरतीत सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत तोडल्यास अनेक वर्षे पूर्ण गुण मिळत आले आहेत. त्यामुळे अंतर तेवढेच, व्यायाम तेवढाच, आणि वयोमर्यादा ओलांडली की सराव बंद. याला तंदुरुस्तीचा कार्यक्रम म्हणावे की परीक्षेची तयारी, असा प्रश्न पडतो. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली व सेवेचा पहिला कालखंड चार वर्षांचा झाला. तरीही पहाटेची धाव थांबली नाही. सैन्याचा प्रभाव येथे सर्वाधिक आहे आणि सैन्याचे प्रत्यक्ष क्रीडासाहाय्य सर्वांत कमी. प्रशिक्षक नाही, मैदान नाही, दुखापतीची काळजी घेणारे कोणी नाही.

महाविद्यालयांचा संबंध येतो तो नेमका येथे. छात्रसेनेचा सहयोगी अधिकारी हा प्राध्यापकच असतो. तो कामठी येथे प्रशिक्षण घेऊन येतो आणि अध्यापन सांभाळून पथक चालवितो. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा श्रेयांकासह वैकल्पिक विषय म्हणून शिकविण्यास मुभा दिली. अभ्यासक्रमात शस्त्रप्रशिक्षणाचा समावेश आहे. परंतु बहुसंख्य ग्रामीण छात्रांचा रायफलीशी येणारा संबंध वार्षिक शिबिरातील थोड्याशा गोळीबारापुरता असतो. शिबिर संपते, रायफली शस्त्रागारात परत जातात, आणि ज्याचा नेम चांगला लागला त्या मुलाची किंवा मुलीची नोंद पुढे कोणाकडे पाठवावी, हे पथकाच्या अधिकाऱ्यालाही अनेकदा स्वतःच शोधून काढावे लागते.