कान्हेरीची अक्षयनीवी

बोरीवलीच्या अरण्यातील कान्हेरीच्या लेण्यांत मूर्तींइतकेच शिलालेखही बोलके आहेत. कल्याणच्या स्वामिदत्त सोनाराने येथे पाण्याची पोढी दिली. दुसऱ्या एका लेखात मागाठाण्याच्या शेताची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ उत्पन्न खर्चावयाची ठेव, नोंदलेली आहे. नवव्या शतकात, शिलाहार पुल्लशक्तीच्या कारकीर्दीत, पूजेबरोबरच मोडतोडीच्या दुरुस्तीसाठीही द्रम्म नेमून दिले गेले. डागडुजी हा दानाचाच भाग, असे ते दाते मानीत. आज लेणी पुरातत्त्व खात्याकडे व भोवतालचे रान वनखात्याकडे आहे. लेण्यांची दुरुस्ती जाणकारांनीच करावी. वाटेवरील केर मात्र स्वयंसेवकांस उचलता येईल. परंतु श्रमदान एका दिवसाचे, निगा बारमाही. तिच्यासाठी अक्षयनीवीसारखी कायम ठेव असावी, असे आम्हांस वाटते.